ऐहोळेचं शक 556: 634 की 634-35?

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. शक 556 मध्ये 78 मिळवले की सरळ इ.स. 634 येतं, मग माझ्या सनांच्या तक्त्यात ऐहोळेच्या शिलालेखासमोर मी 634-35 असं का लिहिलं? आणि त्याच ओळीत हिजरी 13 कसं, तेव्हा तो सन होता तरी का? दुसरा आक्षेप अगदी बरोबर आहे. पहिल्याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं.

कर्नाटकातल्या ऐहोळेच्या टेकडीवर, मेगुती देवळाच्या भिंतीवर, चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या पदरच्या रविकीर्ती कवीची प्रशस्ती कोरलेली आहे. तीन महाराष्ट्रकांची नव्याण्णव हजार गावं सांगणारी तीच ती. तिच्यात वर्ष आकड्यांत नाही, श्लोकात आहे. भारतयुद्धापासून तीस, तीन हजार, सातशे आणि पाच. शकराजांची पन्नास, सहा आणि पाचशे. म्हणजे 3735 आणि 556. वजाबाकी करून बघा, 3179 येतात. कलियुग, म्हणजे इथली भारतयुद्धापासूनची मोजणी, आणि शक यांच्यात आपलं पंचांग आजही एवढंच अंतर धरतं. तेराशे नव्वद वर्षांपूर्वीच्या कवीचा हिशेब आपल्या घरच्या पंचांगाशी असा तंतोतंत जुळतो, तेव्हा मला खरोखर भरून येतं.

आता त्यातला ‘समतीतासु’ हा शब्द पाहा. समतीत म्हणजे सरलेली. 556 वर्षं सरली होती आणि 557वं चालू होतं. ते 634 च्या चैत्रात लागलं आणि 635 उजाडल्यावर फाल्गुनात संपलं. श्लोकात महिना दिलेला नाही. लेख माघात कोरला असेल तर ते 635च. म्हणून जोडवर्ष.

हिजरीचं तुमचं म्हणणं मान्य. 13वं वर्ष मार्च 634 मध्ये सुरू झालं असं आपण आज म्हणतो, पण ही मोजणी खलिफा उमर यांनी सुमारे चार वर्षांनी ठरवली. ते खलिफा झाले तेच मुळी 634 च्या ऑगस्टमध्ये. हाच न्याय इसवी सनालाही लावायला हवा. डायोनिसियस या ख्रिस्ती साधूने तो 525 मध्ये ईस्टरच्या कोष्टकांसाठी काढला खरा, पण तो रुळला बीड नावाच्या इंग्रज साधूने लिहिलेल्या इतिहासानंतर, आठव्या शतकात. उलट चीनमध्ये तांग सम्राट ताइझोंगचे कारकून त्या वर्षी ‘झेनग्वान 8’ असंच लिहीत होते. आणि इराणात राजा तिसऱ्या यझदगर्दचं राज्यवर्ष चालू होतं. 632 पासूनची तीच मोजणी आपल्याकडचे पारशी आजही चालवतात.

तक्त्यात आता दोन रकाने केले आहेत, तेव्हा लिहिलं जाणारं वर्ष आणि मागाहून लावलेलं वर्ष. हिजरी 13 दुसऱ्यात हलवलं आहे. 634-35 मात्र तसंच ठेवलं आहे.