बाटल्या संपवणारा माणूस

प्रत्येक घरात एक संपवणारा माणूस असतो. पातेल्याच्या तळाची आमटी, डब्यातला कोपरा मोडलेला शेवटचा लाडू, पोरांनी ताटाच्या कडेला सारलेल्या कारल्याच्या फोडी, सगळं फिरून फिरून त्याच्याच पुढ्यात येतं. त्याची नेमणूक कोणी केलेली नसते आणि त्याचा राजीनामा कोणी घेत नाही. बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घरी हे पद माझ्याकडे आहे. आमटी-लाडवांपुरतं होतं तोवर माझी तक्रार नव्हती. मुलगी नोकरीसाठी बेंगळुरूला गेली, सुट्टीला येताना पिशवीतून बाटल्या आणायला लागली, आणि माझं काम एकदम वाढलं.

बाटली आली की पहिल्या दिवशी तिचं फार कौतुक होतं. झाकण उघडताना सगळे जमतात. मुलगी दोन चमचे खाते, "मस्त आहे ना बाबा?" म्हणते आणि रविवारी रात्रीच्या गाडीने निघून जाते. बाटली मागे राहते. पीनट बटर, मेयोनीज, पेस्टो, स्ट्रॉबेरी जॅम, हेझलनट घातलेलं चॉकलेट. फ्रिजचं दार उघडलं की सगळ्या एकमेकींवर आपटून किणकिणतात. टाकून द्यायची सोय नाही, कारण सौभाग्यवतींना प्रत्येक बाटलीची किंमत पाठ आहे. भाकरीला लावायचीही सोय नाही. भाकरी आई थापते, आणि तिच्या भाकरीवर तिने स्वतः न कुटलेलं काही पडलेलं तिला खपत नाही. राहता राहिला ब्रेड. तेव्हा आमच्या घरी टोस्ट आला तो हौसेने नव्हे, निव्वळ नाइलाजाने.

आईच्या लेखी ब्रेड म्हणजे आजाऱ्याचं खाणं. आमच्या लहानपणी कोणाला टायफॉइड झाला तरच तो घरात यायचा. वडील कॅम्पातल्या बेकरीतून आणायचे, आई दुधात कुस्करून भरवायची, आणि ब्रेडचा कागद दिसला की गल्लीतल्या बायका चौकशीला यायच्या. त्यामुळे मी सकाळी टोस्टरपाशी उभा दिसलो की ती अजून माझ्या कपाळाला हात लावून बघते.

"ताप हाय काय रे?"

"नाही."

"मग हे काय करूलालास?"

"बाटली संपवतोय."

"त्यापरास ताप बरा."

त्यात बेळगावचा पाऊस. जूनमध्ये बसला की सप्टेंबरपर्यंत हलत नाही. टोस्ट ताटलीत ठेवावा, लोणी काढायला वळावं, तेवढ्यात त्याची खालची बाजू मऊ पडलेली. सगळाच दोष पावसाचा नाही म्हणा. गरम टोस्टमधून निघालेली वाफ ताटलीवर अडकते, तिचं पाणी होतं आणि टोस्ट ते परत पितो. इंग्रजांनी ह्यासाठी टोस्ट उभे करून ठेवायची छोटी जाळी काढली. आमच्याकडे ती नाही, म्हणून मी ते ताटाळ्यात बशांच्या खाचांमध्ये उभे करतो. टोस्ट कुरकुरीत राहतो, पण चुरा खालच्या वाट्यांत पडतो, आणि मग दिवसभर मला त्या चुऱ्याबद्दल ऐकावं लागतं.

दुसरी गोष्ट, वर काहीही ओलं लावायचं असेल तर आधी लोण्याचा थर हवा. स्निग्ध थरातून पाणी सहजी आत मुरत नाही. हा थर मी पार कडेपर्यंत लावतो. सौभाग्यवतींचं म्हणणं, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडावी, धरायला. आता बेळगावकराच्या घरात एकदा हद्दीचा वाद निघाला की तो मिटत नसतो. बाहेरचा 1956 पासून चालू आहे. त्याच्यावर महाजन आयोगाने 1967 साली अहवाल तरी दिला. आमच्या कडांसाठी अजून आयोगसुद्धा बसलेला नाही. तूर्त माझ्या टोस्टवर माझा नकाशा आणि तिच्या टोस्टवर तिचा.

पहिल्यांदा हाती घेतलं ते पीनट बटर. वर बोटभर तेल, खाली चमचा वाकवणारा गोळा. मी ते ढवळत होतो तेवढ्यात शेजारच्या अक्का विरजण मागायला आल्या. अक्कांचं माहेर बैलहोंगलकडचं, बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी, आणि दोन्हींत सारखंच स्पष्ट.

"काय ओ अण्णा हे?"

"शेंगदाण्याचं बटर."

त्यांनी बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं. "लसूण नाही. तिखट घालायलाच इसरलेत की ओ." आणि विरजण तसंच ओट्यावर ठेवून घरी जाऊन कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. उत्तर कर्नाटकातली ही ज्वारीची कडक भाकरी कागदाइतकी पातळ असते. तव्यावर भाजून पुरती वाळवलेली, त्यामुळे कोरड्या जागी पुष्कळ दिवस टिकते. तिच्यावर शेंगदाण्याची, कारळ्याची नाहीतर जवसाची चटणी, वर तेलाची धार किंवा दही. मी खाल्ली आणि टोस्टरकडे बघितलं. मऊ ब्रेड करायचा, मग तो भाजून कोरडा करायचा, मग त्याला लावायला बाटली आणायची, एवढा द्राविडी प्राणायाम अक्कांच्या माहेरच्या बायकांनी भाकरी थापतानाच वाचवलेला होता.

पण बाटली होतीच. अर्ध्या टोस्टला पीनट बटर, वर अक्कांची लसणीची चटणी भुरभुरून, असं करत ती संपवली. सांगायला हरकत नाही, शेवटी शेवटी मलाच ते आवडायला लागलं होतं.

मुलगी फोनवर धीर द्यायची. नेदरलँड्समध्ये म्हणे लोक ब्रेडला लोणी लावून वर चॉकलेटचे दाणे पेरतात आणि मोठी माणसंही ते खातात. सिंगापुरात नारळाचं दूध, अंडी आणि साखर शिजवून केलेला काया नावाचा जॅम टोस्टमध्ये घालतात, सोबत अर्धवट उकडलेली अंडी. कॅटलोनियात टोस्टवर लसूण घासतात, मग पिकलेला टोमॅटो, वर ऑलिव्ह तेल आणि मीठ. आईने हे सगळं स्पीकरवर निमूट ऐकलं. इंग्रज टोस्टवर टोमॅटोच्या रसातल्या घेवड्याच्या बिया घेतात म्हटल्यावर मात्र तिने मान वर केली. "म्हणजे उसळ." त्या दिवसापासून रात्रीची मटकीची उसळ उरली की ती आटवून टोस्टवर घालणं घरात अधिकृत झालं. वर कांदा, लिंबू. शेव हवी असेल तर ती खायला बसतानाच घालावी, आधी घातली की तीही भिजते. पिठल्याचं मात्र जमत नाही. सकाळपर्यंत पिठलं घट्ट होऊन त्याची वडी पडते, आणि ती टोस्टवरून घसरून चहात पडते.

थोरल्या वहिनींचा मुलगा ऑस्ट्रेलियात असतो. तो येताना व्हेजिमाइट घेऊन आला. 1923 पासून तिकडे विकलं जाणारं, यीस्टच्या अर्कापासून केलेलं हे काळंभोर, खारट प्रकरण. ते टोस्टला लावायचं ते आधी भरपूर लोणी लावून, वर नुसतं ओरखडल्यासारखं. हे त्याने सांगितलं, पण वहिनी तेव्हा त्याच्या बॅगेत चकल्या भरत होत्या. त्यांनी बाटलीतला काळा ऐवज चॉकलेट समजून बोटभर जाडीचा थर दिला आणि मोठा घास घेतला. वहिनी मानी स्वभावाच्या. पाहुण्यांदेखत त्यांनी तो घास गिळला. नंतर बराच वेळ त्या पोराशी बोलल्या नाहीत. बाटली अर्थातच आमच्या फ्रिजमध्ये आली. घरच्या अळणी लोण्यावर तिचा पुसटसा हात फिरवला तर मजा येते, हे माझं मत घरात अल्पमतात आहे. इतक्या पुसट हाताने ती बाटली कधी संपणार, हा सौभाग्यवतींचा प्रश्न मात्र रास्त आहे.

अवोकाडोला बाटली नसते, पण त्याचा ताप वेगळा. आपल्याच कर्नाटकात, कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत त्याची झाडं असतात, आणि बेंगळुरूच्या ज्यूसवाल्यांकडे बटर फ्रूट म्हणून ते दुधासाखरेत घुसळून मिळतं. टोस्टवर चढवून त्याला जगभर मान मिळाला तो सिडनीच्या बिल ग्रेंजरने 1993च्या सुमारास ते आपल्या उपाहारगृहाच्या यादीत घेतल्यानंतर. आमच्या घरी चार दिवस ते तांदळाच्या डब्यात दगड होऊन पडलं होतं. पाचव्या दिवशी पिकलं, आणि आत्ता खाल्लं नाही तर संध्याकाळी काळं पडेल अशी मुलीने फोनवरून तंबी दिली. आईने चमचाभर खाऊन बघितलं. "ह्याला चव कुठाय?" म्हणाली आणि उठून खरडा घेऊन आली. तव्यावर भाजून ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, मीठ. वर अर्धं लिंबू पिळलं. टोस्टवरचा तो लगदा एकदम माणसात आला. आईने दुसरा टोस्ट मागितला. ताप नसताना तिने मागून घेतलेला हा पहिला ब्रेड.

पण ह्या सगळ्या खटाटोपात खरा हाती लागला तो कुंदा. कोणाकडे पाहुणे येऊन गेले की बेळगावच्या घरात कुंद्याचा पाव किलोचा डबा अर्धा उरतोच, आणि तोही संपवणाऱ्याच्याच नशिबी. एका सकाळी गरम टोस्टवर लोण्याऐवजी कुंदा पसरला. दुधाचं ते तपकिरी रवाळ रूप गरमीने जरा सैल झालं, कडेला किंचित पाझरलं, आणि मी खुर्ची ओढून बसलोच. ह्याला कारण आहे. लुई कामी मेयार नावाच्या फ्रेंच माणसाने 1912 साली प्रथिनं आणि साखर तापवल्यावर होणाऱ्या ज्या क्रियेबद्दल लिहिलं, तिच्यामुळेच टोस्टला तांबूस रंग आणि खरपूस वास येतो. तासन् तास ढवळून दूध-साखर आटवताना कुंद्याला जो रंग चढतो, त्यातही तीच क्रिया असते. म्हणजे दोघे नात्यातले. फक्त एक कॅम्पातून आलेला आणि दुसरा हलवायाच्या कढईतून. गोकाकच्या करदंटाचा चुरा वर टाकला तर दाताखाली डिंक आणि सुकामेवाही येतो, पण ते करायचं तर त्या दिवशी दुपारचं जेवण सोडायची तयारी हवी.

काकवीची कथा थोडी दुःखाची. गुऱ्हाळावरून आणलेली ताजी काकवी, खाली लोणी. टोस्ट हातातून सुटला आणि टेबलावरून खाली गेला, अर्थातच काकवीच्या अंगावर. रॉबर्ट मॅथ्यूज नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1995 साली ह्यावर शोधनिबंध लिहिला, आणि पुढच्या वर्षी त्याबद्दल त्याला गमतीचं इग नोबेल पारितोषिकही मिळालं. टेबलाच्या उंचीवरून पडताना टोस्टला पुरी कोलांटी मारायला वेळच मिळत नाही, अर्धीच होते, म्हणून लावलेली बाजू खाली. पुरी कोलांटी हवी तर टेबल सुमारे तीन मीटर उंच पाहिजे. हे मी फरशी पुसता पुसता आईला सांगितलं. ती पाटावर बसून उसळ-टोस्ट खात होती. तिच्या टोस्टला पडायला फार तर वीतभर जागा. "आम्ही खालीच बसतो ते कशासाठी मग?" ती म्हणाली. मुंग्या संध्याकाळपर्यंत येत होत्या.

संपलेल्या बाटल्यांचं पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको. काचेची बाटली आमच्या घरातून बाहेर जात नाही. गरम पाण्यात घालूनही लेबलं सुटत नाहीत, मग ती तशीच ठेवून आत चिंच, मोहरी, वेलदोडे असं काहीबाही भरलं जातं. संक्रांतीच्या सुमाराला ओल्या लाल मिरच्या बाजारात आल्या की आई रंजका करते. मिरच्या, लसूण, मीठ, मेथी, लिंबाचा रस, सगळं बारीक वाटून वर फोडणी. रंग असा लालभडक की बघूनच घाम यावा. गरम टोस्ट, त्यावर लोण्याचा जाड थर आणि लोण्यावर नखभर रंजका, ह्यापुढे फ्रिजच्या दारातलं बाकी सगळं मला फिकं वाटतं. यंदा रंजका जास्त झाला, तेव्हा सौभाग्यवतींनी एक बाटली भरून मुलीबरोबर बेंगळुरूला पाठवली.

सोमवारी सकाळी फोन. मुलीच्या आवाजामागे कोणीतरी जोरजोरात खोकत होतं आणि नळ वाहत होता.

"बाबा, स्ट्रॉबेरी जॅमच्या बाटलीत काय भरलंय?"

"रंजका. का?"

"माझ्या रूममेटने टोस्टला लावून खाल्लाय. जॅम लावतात तसा. आता पाण्यावर पाणी पितेय."

आईने माझ्या हातातून फोन घेतला. "पाणी देऊ नको तिला, पाण्यानं जाईत नाही ते. लोणी चाटव, नाहीतर दही दे," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आणि बाटली धुऊन परत घेऊन ये."