पासष्ट टक्क्यांची पावती

आज दुपारी कोल्हापुरात दसरा चौकात अर्धा तास अडकले. धरणग्रस्तांचा मोर्चा चालला होता. उन्हाचा नुसता कडाका, पुढं सगळी म्हातारी माणसं, कुणाच्या डोक्यावर टॉवेल कुणाच्या पदर, हातात पिशव्या, आणि घोषणा तीच जी मी शाळेत असल्यापासून ऐकतेय, "आधी पुनर्वसन, मग धरण". धरण कधीच झालं, भरलं, त्याच्या पाण्यावर उसाची रानंच्या रानं उभी राहिली, घोषणा तेवढी बदलली नाही कारण पहिला अर्धा भाग अजून झालाच नाही.

माझ्या शेजारी बुलेटवर एक पोरगा होता, पंचविशीतला असेल. हॉर्नवरचा अंगठा काढायला तयार नाही, आणि मागं बसलेल्याला म्हणतो, "ह्यांचं काय संपतच न्हाई लका, किती वेळा पैसे घ्यायचे ह्यांनी."

किती वेळा पैसे घ्यायचे! घरी आले, कुकर लावला, शिट्ट्या मोजायच्या विसरले, भाताचा लगदा झाला तरी ते वाक्य डोक्यातनं जाईना. तिथं त्याला काहीच बोलले नाही याचा जास्त राग येतोय, तोंडातनं शब्दच फुटला नाही, म्हणून आता इथं लिहिते. मोठं होणार आहे, वाचा नाहीतर सोडा.

माझ्या आत्तीचं गाव धरणात गेलं. कुठलं धरण ते मुद्दाम लिहीत नाही, त्यांचं प्रकरण अजून टेबलावर पडलंय आणि नाव लिहिलं की नको त्या माणसांचे फोन येतात. मी तेव्हा दुसरीत होते. गाव उठलं, वसाहत मिळाली, पत्र्याची शेड, आणि जमिनीच्या बदल्यात जमीन मिळणार असं ठरलं. आता नीट ऐका, कारण हे शहरातल्या शंभरातल्या नव्वद जणांना माहीत नसतं. जमीन फुकट मिळत नाही. धरणात गेलेल्या जमिनीची जी काय नुकसानभरपाई हातात येते त्यातले पासष्ट टक्के परत सरकारकडं भरायचे, मग पर्यायी जमिनीसाठी नंबर लागणार. म्हणजे आमच्या मामांनी (आत्तीचे मालक, आम्ही मामाच म्हणायचो) स्वतःचं रान दिलं, त्याचे आलेले पैसे परत भरले आणि पावती घेऊन बसले. त्यांनी घेतले का दिले? सांग ना भावा.

ती पावती मी बघितलीय. कार्बनची कॉपी, जांभळट अक्षरं, कोपऱ्यात गोल शिक्का अर्धाच उमटलेला. युरियाच्या पोत्याचा तुकडा कापून मामांनी त्याचं पाकीट शिवलं होतं त्यात ती ठेवायचे. जमीन कागदावर मिळाली, लाभक्षेत्रातल्या, म्हणजे धरणाचं पाणी मिळतं तिथल्या एका गावात, सातबाऱ्यावर नाव पण चढलं. ताबा घ्यायला गेले तर बांधावर मूळ मालकाची पोरं काठ्या घेऊन उभी. मग कोर्टाचा स्टे, मग तारीख, मग पुढची तारीख.

आता कुणीतरी म्हणणारच की त्या मूळ मालकाचा काय दोष, त्याची पण जमीन स्लॅबमध्ये गेली (धरणाचं पाणी मिळणाऱ्याची ठरावीक मर्यादेवरची जमीन सरकार धरणग्रस्तांसाठी घेतं, तो स्लॅब). मान्य. त्याचं पण पोट जळतं. पण दोन शेतकरी बांधावर एकमेकांसमोर उभे करून मधला साहेब निघून गेला, त्याचं काय?

असो. मला पाण्याचं बोलायचं होतं.

२०२३ ची दिवाळी आठवा. काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला आली आणि आपण सगळ्यांनी नळाचे फोटो स्टेटसला ठेवले, मी पण ठेवला होता. किती वर्षं वाट बघितली आपण त्या पाण्याची, आणि वाट बघितली म्हणून आपल्याला किती कौतुक स्वतःचं. ५३ किलोमीटर लांबनं पाणी येतं ते आपोआप साठलेलं पाणी आहे का? तिथं दूधगंगेच्या काठाला माणसं राहत होती, भात लावत होती, पोरींची लग्नं करत होती. तुळशी घ्या, पाटगाव घ्या, वारणा घ्या, प्रत्येक धरणाच्या बुडाला घरांची जोती आहेत. वारणेच्या चांदोलीकडच्या लोकांना तर काहींना धरणानं उठवलं, काहींना अभयारण्यानं. आणि आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक दिवस पाणी नाही आलं की जी भाषा चालते ती इथं लिहिता येणार नाही. एक दिवस! त्याच ग्रुपवर आज संध्याकाळी मोर्चाचा फोटो आणि खाली "ट्रॅफिकचा बट्ट्याबोळ". टाकणाऱ्या काकांच्या घरात दोन टाक्या आहेत, दोन्ही भरलेल्या.

धरणं नकोत असं मी म्हणत नाही बाबांनो. राधानगरी नसतं तर हा जिल्हा काय असता हे मला शिकवू नका, शाहू महाराजांच्या गावात वाढलेय मी. पण ज्या राजानं रयतेसाठी धरणाचं काम काढलं त्याच्याच पुतळ्याजवळ त्याच रयतेवर हॉर्न वाजवायचा, हे कुठल्या तोंडानं जमतं आपल्याला?

परत पावतीकडं येते. मी तेव्हा कॉलेजला होते, सुट्टीत आत्तीकडं गेलेले. पावती घड्यांवर फाटायला लागली होती म्हणून मामांनी तालुक्याला जाऊन ती लॅमिनेशन करून आणली. इतके खूष होते, म्हणाले आता पाऊस लागू दे नाहीतर काय होऊ दे. पुढच्या आठवड्यात कचेरीत गेले तर खुर्चीतला माणूस म्हणतो लॅमिनेशन केलेला कागद चालत नाही, खरा का खोटा कसं कळणार, प्लास्टिक काढून आणा. संध्याकाळी मामा वसाहतीच्या पायरीवर बसून आत्तीच्या शिवणाच्या कात्रीनं कडा कापत होते. कात्रीचं टोक घालून हळूहळू प्लास्टिक सोलायला गेले आणि जांभळी अक्षरं प्लास्टिकला चिकटून वर आली. कागद पांढरा. रक्कम गेली, तारीख अर्धी गेली, शिक्का तेवढा राहिला. मामा काही बोलले नाहीत. सोललेलं प्लास्टिक आणि कागद दोन्ही एकावर एक ठेवून उजेडाला धरून बघत होते, अक्षरं जुळतात का.

मला हे लिहिताना आत्तासुद्धा गलबलून येतंय. मामा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. ताबा नाही मिळाला. आता आत्तभाऊ वारस लावायला फेऱ्या मारतोय, आणि त्याला परत तीच मूळ पावती मागितलीय.

आज मोर्चात एका आज्जांच्या हातात तसंच पोत्याचं पाकीट बघितलं मी. तसंच, सुतळीनं शिवलेलं, छातीशी धरलेलं. म्हणून मला तिथं बोलता आलं नाही.

ह्यात बोगस लोक नाहीत का, आहेत. मिळालेली जमीन विकून परत रांगेत बसलेले आहेत, एजंट आहेत, सगळं आहे. आणि "धरणग्रस्ताच्या दाखल्यावर नोकऱ्या मिळतात की" म्हणणाऱ्यांना, अहो पाच टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलंच, एका कुटुंबात एकच दाखला चालतो, आणि भरती निघते कधी ते तुम्हीच सांगा. दहा बोगस निघाले म्हणून मामांची पावती खोटी होत नाही.

२०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. आम्ही पोराबाळांना घेऊन आत्तीच्या वसाहतीत राहिलो. ज्या लोकांचं गाव गेलं त्यांनी आमची अंथरुणं घातली, रोज पन्नास पन्नास भाकरी थापून ट्रॉलीतनं शहराकडं पाठवल्या. मी तिथं बसून फ्रिज गेला, सोफा गेला, पोरांची पुस्तकं गेली म्हणून रडत होते. आत्ती भाकरी उलटता उलटता म्हणाली, "तुमचं पाणी उतारतंय तरी गं." एवढंच. टोमणा नव्हता त्यात, माझी समजूतच काढत होती ती. नंतर आम्ही पंचनामा आणि अनुदानासाठी कसल्या भांडाभांडी केल्या ते आठवतंय ना सगळ्यांना? आठवड्याभराच्या पाण्यासाठी. आणि ह्यांचं पाणी चाळीस चाळीस वर्षं उतरलं नाही तर ह्यांनी गप बसायचं.

कोयनेचं पाणी अडवलं साठच्या दशकात, पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ ला. म्हणजे कोयनेच्या विजेवर महाराष्ट्रात दिवे लागले तेव्हा कोयनेच्या लोकांसाठी कायदाच नव्हता. मग १९८६ चा कायदा, मग १९९९ चा, वसाहतीला १८ नागरी सुविधा द्यायच्या असं कागदावर आलं, रस्ता, शाळा, पिण्याचं पाणी, स्मशानभूमीसुद्धा. हे कुणी खुशीनं नाही दिलं. मुळशीला १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले तेव्हापासून लोक बसतायत, नागनाथअण्णा नायकवडी, बाबा आढाव, भारत पाटणकर यांनी ह्या कामात आयुष्यं घातली, आणि त्यांच्या मागं उन्हात बसली ती अशीच पिशवीवाली माणसं. आपल्या आजऱ्याकडं उचंगी, आंबेओहळ, सर्फनाला, ह्या धरणांच्या कुठल्याही गावात जा, प्रत्येक घरात आंदोलनाला गेलेलं एक तरी माणूस सापडेल. ट्रॅफिक थांबल्याशिवाय ह्यांच्याकडं कुणी बघतं का? मी तरी आज थांबले नसते तर बघितलं असतं का, खरं सांगायचं तर नाही. आत्तीचं घर असून नाही.

मगाशी आत्तीला फोन केला. चौऱ्याहत्तर वय आहे, गुडघे गेलेत, नाहीतर आलीच असती. सांगितलं मोर्चा बघितला म्हणून. म्हणाली किती माणसं हुती, बायका हुत्या काय, कुठल्या कुठल्या गावच्या. मग विचारलं, "प्यायला पाणी हुतं काय त्यास्नी?"

मी बघितलंच नव्हतं. अर्धा तास गाडीवर बसून होते, डिकीत बाटली होती माझ्या.

ती लोकं परत गेलेली नाहीत, कचेरीसमोर ठिय्या मांडून बसलीत, रात्री पण तिथंच आहेत. मी आणि शेजारच्या वहिनी उद्या सकाळी अकराला निघतोय. पाण्याचे जार सांगितलेत, भाकरी साठ होतील आमच्या दोघींच्या, अजून पाहिजेत. ज्यांना द्यायच्या आहेत त्यांनी दहापर्यंत माझ्याकडं आणून द्या, बरोबर खर्डा, शेंगदाण्याची चटणी असलं कोरडं काहीतरी द्या, पातळ कालवण नको, उन्हात टिकत नाही. आणि कुणाकडं जुनी ताडपत्री असेल तर फोन करा.