केंद्रातली आर

‘लक्ष केंद्रित करा’ हे शुद्ध आणि ‘ध्यान दे’ हे गावंढळ, असं आमच्या वऱ्हाडातली शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात. पोरगं ‘ध्यान नाही राह्यलं’ म्हणालं की लगेच त्याची भाषा दुरुस्त! मला हे अजिबात पटत नाही.

‘ध्यान’ अस्सल संस्कृत. ध्यै धातूपासून आलेला, योगसूत्रांत धारणा आणि समाधी यांच्यामध्ये बसलेला. आणि ज्याला आपण पंडिती समजतो तो ‘केंद्र’? तो ग्रीक! मूळ शब्द ‘केन्ट्रॉन’. ग्रीकांचं फलज्योतिष इकडे आलं, त्यासोबत तो संस्कृतात शिरला. ‘होरा’ही त्याच वाटेनं आला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहज्जातकात तर मेष राशीला ‘क्रिय’ अन् वृषभेला ‘ताबुरि’ अशी ग्रीक वळणाची नावं आहेत. पत्रिकेतली पहिलं, चौथं, सातवं, दहावं ही घरं केंद्रस्थानं, हे गावातले महाराज आजही सांगतात.

खरी गंमत अर्थात आहे. ‘केन्टेइन’ म्हणजे टोचणे, आणि केन्ट्रॉन म्हणजे टोचणारं टोक. जनावरं हाकायची टोकदार काठीही केन्ट्रॉनच. म्हणजे आपली तुतारी अन् तिच्या टोकाची अणकुचीदार आर! (पुण्याकडच्या मित्रांनो, ही वाजवायची तुतारी नव्हे. तुमची पराणी.) पुढे कंपासाचं जे टोक एका जागी रुतून बसतं, त्याला भूमितीवाल्यांनी तेच नाव दिलं, आणि मग त्या टोकाखालच्या बिंदूलाही. लॅटिनमध्ये त्याचं ‘सेन्ट्रम’ झालं, अन् त्यावरूनच सगळं एका मध्याशी आणणारं ‘कॉन्सन्ट्रेट’. म्हणजे ‘केंद्रित’ आणि ‘कॉन्सन्ट्रेट’ सख्खे चुलतभाऊ.

‘फोकस कर’ म्हणणाऱ्या पोरांनी फार हसू नये. लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं 1604 मध्ये तो शब्द भूमितीत आणला.

तेव्हा बैलाच्या पुठ्ठ्यावरून निघालेला शब्द शुद्ध, आणि योग्याच्या आसनावरून उठलेला गावंढळ, हा कुठला न्याय? ‘ध्यान देणे’ ही बोलायची ढब हिंदीच्या शेजारामुळं आमच्यात रुळली असेल, मान्य. पण ग्रीसहून आलेला शब्द सोवळ्यात आणि शिवनी-छिंदवाड्याकडून आलेला ओवळ्यात, असं कसं चालेल? माझ्या घरी तरी ‘अभ्यासात ध्यान ठेवजो’ हेच चालणार. ज्याला केंद्रित व्हायचं त्यानं खुशाल व्हावं, आमची पोरं तेवढी दुरुस्त करू नये.