पोच घेतली का?

आमच्या घरच्या ग्रुपवर गेले काही महिने लेबर कोडवरून, म्हणजे केंद्राच्या नव्या कामगार कायद्यांवरून, जुंपलीये. 21 नोव्हेंबर 2025 ला चारही कोड लागू झाले, 1926 चा ट्रेड युनियन कायदा गेला आणि औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्यात ज्या युनियनकडे 51 टक्के सभासद तिच्याशीच मॅनेजमेंट बोलणार, तेवढे कुणाकडेच नसले तर 20 टक्केवाल्यांची मिळून कौन्सिल. काका म्हणतात आता पुढाऱ्यांची दुकानं बंद. चाकणला कंपनीत असलेला माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, तो म्हणतो उलट बरंय, एकच युनियन राहील आणि गेटवरची भांडणं तरी थांबतील. आणि बाबा, म्हणजे तीस वर्षं भोसरीत लेथवर काढून रिटायर झालेला माणूस, ते नुसता अंगठा टाकतात. दोघांच्याही मेसेजला.

मी हे सगळं कॅलिफोर्नियात बसून वाचते, तेही रात्री, आणि दरवेळी वाटतं की आपण भलत्याच पानावर भांडतोय. कुठली युनियन टिकणार यावर सगळे तावातावानं बोलतात, पण आहे त्या युनियनच्या घटनेत साध्या सभासदाला एखादं कलम बदलून घ्यायचं असेल तर काय करायचं, हे कुणी काढतच नाही. आपल्या पुण्यात सोसायटीचे उपविधी लोकांना पार्किंगपुरते तरी तोंडपाठ असतात हो! युनियनची घटना मात्र कपाटात, जुन्या पगारपावत्यांखाली.

दादाच्या युनियनची मी बघितलीये, मागच्या सुट्टीत निगडीला त्याच्याकडे गेले होते तेव्हा. पिवळ्या कव्हरची, स्टेपलची पिन गंजलेली, बत्तीस पानं. त्यांच्याकडच्या पोरांना एकच कलम घालायचं होतं, की पगारवाढीच्या करारावर कमिटीनं सही करायच्या आधी मसुदा सगळ्या सभासदांपुढे ठेवून गुप्त मतदान घ्यावं. मागणी काय वाईट नाही. मागच्या वेळी करार झाल्याचं यांना पेढे आल्यावर कळलं होतं.

तर त्या पुस्तिकेत लिहिलंय की घटनादुरुस्ती सुचवायची तर वीस सभासदांच्या सह्यांनिशी लेखी अर्ज, सर्वसाधारण सभेच्या तीस दिवस आधी सरचिटणीसाकडे, आणि सभेत हजर असलेल्यांच्या दोन तृतीयांश मतांनी मंजूर. वाचायला किती छान. पण सभेची नोटीस लागते चौदा दिवस आधी! म्हणजे सभा कधी आहे हे तुम्हाला कळेपर्यंत मुदत संपून सोळा दिवस झालेले. पहिल्या वर्षी यांचा अर्ज असाच परत आला. दुसऱ्या वर्षी पोरांनी शहाणपणा करून पाच महिने आधी दिला, तर ठराव विषयपत्रिकेत कुठे, तर सगळ्यात शेवटी, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ यात. आणि ऐनवेळ आली तेव्हा हॉलच्या मागच्या बाजूला मसालेभात आणि जिलेबीची पाकिटं वाटायला सुरुवात झालेली. दादा म्हणाला, "अगं मी सूचक म्हणून उभा राहिलो तर समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि ज्या भरलेल्या त्यातले निम्मे पाकीट उघडत होते." ठराव पडला. आवाजी मतदानानं.

कायदा इथं फार उपयोगाचा नाही. नियम कसे बदलायचे हे नियमातच लिहिलेलं नसेल तर युनियनची नोंदणीच होत नाही, हे 1926 पासून आहे आणि नव्या संहितेतही ठेवलंय. जुन्या कायद्यात तर बदल झाला की पंधरा दिवसांत रजिस्ट्रारला कळवायचं, सभासदांची यादी आणि हिशेबाची वही सभासदाला बघू द्यायची, हेही होतं. पण सह्या किती, मुदत किती, मतं किती, हे युनियननं आपलं आपण ठरवायचं. आणि मेख तिथंच मारलेली असते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 ला मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली तेव्हा तिला ना सभासदांची यादी होती ना फंड ना नियम, तरी रविवारची सुट्टी मिळवली. आता नियम आहेत, बत्तीस पानं आहेत.

आता तुम्ही म्हणाल ही तिकडे बसून आम्हाला शिकवतेय. नाही हो. इकडचं ऐका.

मी पीएचडीला असल्यापासून युनायटेड ऑटो वर्कर्सची सभासद आहे, म्हणजे डेट्रॉइटची मोटार कामगारांची युनियन, विद्यापीठातले टीए, म्हणजे शिकवायला मदत करणारे विद्यार्थी, आणि संशोधकही तिच्यात असतात. (बाबा अजून विचारतात, तू कुठला पार्ट बनवतेस?) इथली पद्धत अशी की तुमच्या लोकलच्या, म्हणजे स्थानिक शाखेच्या, मीटिंगमध्ये ठराव पास करायचा, तो वर पाठवायचा, मग चार वर्षांनी भरणाऱ्या अधिवेशनात घटना समिती त्यातलं काय पुढे आणायचं ते ठरवते आणि निवडून गेलेले डेलिगेट मत देतात. कागदावर चोख. पण या युनियनमध्ये सत्तर-एक वर्षं एकाच गटाची सत्ता होती, आणि अध्यक्षही तेच डेलिगेट निवडायचे. सभासदांनी थेट मत द्यावं ही मागणी कित्येक वर्षं जुनी, अधिवेशनात काही टिकली नाही. ती मिळाली कधी, तर पैशांची भानगड बाहेर येऊन दोन माजी अध्यक्ष तुरुंगात गेले, सरकारनं कोर्टातून देखरेखीला माणूस बसवला, आणि 2021 मध्ये सभासदांचं सार्वमत झालं तेव्हा. 63.7 टक्के लोक थेट निवडणुकीच्या बाजूनं. पुढच्याच वर्षी पहिली थेट निवडणूक, दहा लाखांवर मतपत्रिका पोस्टानं गेल्या, परत आल्या लाखभर. हक्क मिळवायला एवढी रामायणं आणि मग दहातला एक मत देतो. शेवटी मार्च 2023 मध्ये शॉन फेन पाचशेहून कमी मतांनी अध्यक्ष झाले.

पण मला जास्त झोंबलं ते वेगळंच. जुलै 2022 मध्ये डेट्रॉइटला अधिवेशन भरलं, तिथं डेलिगेटांनी संपकाळातला भत्ता आठवड्याला 400 डॉलरवरून 500 केला. इकडे आमच्या ग्रुपवर आनंदीआनंद. आणि शेवटच्या दिवशी, बरेच डेलिगेट परतीच्या वाटेला लागल्यावर, तोच विषय पुन्हा काढून 500 चे परत 400 केले. खर्च झेपणार नाही म्हणे. चार महिन्यांनी, 14 नोव्हेंबरला, आमचा संप सुरू झाला, कॅलिफोर्निया विद्यापीठातले 48 हजार जण, सहा आठवडे. पावसात फलक धरून उभं राहायचं, आठवड्याला मिळायचे 400, आणि माझ्या खोलीचं भाडं 1,350. पुढच्या वर्षी मोटारवाल्यांच्या संपात 500 मिळाले, त्यांचं भलं होवो.

दादाला हे फोनवर सांगितलं तर तो आधी खूप हसला आणि मग म्हणाला, म्हणजे तुमच्याकडे जिलेबीऐवजी विमान. 

म्हणून लेबर कोड आला की सगळं बदलणार असं ग्रुपवर कुणी लिहिलं की मला पटत नाही, 51 टक्केवाली युनियन असली तरी तिच्या सभेत शेवटचा विषय कधी येणार हे कोडात नाहीये. आणि अमेरिकेत सगळं कसं सिस्टिमॅटिक असं म्हणणाऱ्या काकांना तर मी हल्ली उत्तरच देत नाही.

दादाची पोरं यंदा तिसऱ्यांदा अर्ज देतायत. यावेळी करार-मतदानाचं कलम दुसऱ्या नंबरला आणि पहिल्या नंबरला वेगळाच ठराव, की घटनादुरुस्तीचे विषय इतिवृत्त वाचून झालं की लगेच घ्यावेत, हिशेबाच्या आधी, आणि मतं हात मोजून. मसुदा मी इकडून टाईप करून दिला. सह्या वीस पाहिजेत तर चौतीस झाल्या. दादानं ग्रुपवर टाकलं की आज सरचिटणीसांच्या हातात दिला, तर इतके महिने नुसते अंगठे टाकणारे बाबा पहिल्यांदा लिहिते झाले: पोच घेतली का?

दहा मिनिटांनी फोटो आला. शिक्का वाकडा, तारीख अर्धी पुसट. बाबांनी लिहिलं, तारीख दिसत नाही, परत जा.