अंशतः पडझड

पडक्या घराचं चित्र काढायला सगळ्यात सोपं, असं लोकांना वाटतं. रेघ वाकडी गेली तरी काय, भिंतच वाकडी! असं म्हणणाऱ्यानं एकदा आमच्या वऱ्हाडात येऊन मातीच्या वाड्यासमोर वही उघडून बसावं.

पडण्यालाही कायदा असतो. भिंतीचा तडा मनाला येईल तिथून निघत नाही. बहुतेकदा खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरपा चढतो. धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, खचतं ते मयालीच्या, म्हणजे त्याखालच्या लाकडी तुळईच्या टोकाकडून, कारण भिंतीत गेलेलं टोक आधी कुजतं. मातीच्या भिंतीचा पायथा पागोळ्यांच्या शिंतोड्यांनी झिजतो आणि वरचा भाग उगाच पोट पुढे काढून उभा राहतो. नवशिके भिंत अर्धी खोडतात, खाली ढिगारा मात्र काढत नाहीत. मग माती काय चोरांनी नेली?

जुनी माणसं घर बांधायची पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीवर, काळी ठेवायची कपाशीला. आता काळीवरच स्लॅब पडतात. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे कालच्या घरालाही तडे. मला विषयांची टंचाई म्हणून नाही.

टंचाई आहे ती शांततेची. अतिवृष्टीनंतर वही-पेन्सिल घेतलेला माणूस दिसला की गाव त्याला एकच गोष्ट विचारतं.

"पंचनामा हाय काय, साहेब?"

"नाही काका, चित्र काढतो."

"मंग आमचंबी काढा. हे भित मात्र पडेल दाखवा."

"ती तर उभी आहे."

"उभी हाय म्हनूनच तं सांगून रायलो! अंशतः पडझडीमधी काय भेटते?"

एवढ्यावर भागलं असतं. पण समोरच्या घरातून आजी काठी आपटत आल्या आणि वहीत डोकावल्या. त्यांच्या ओसरीवरचा तडा मी मन लावून काढला होता, कडेला सुटलेल्या पोपड्यांसकट.

"काहून रे बाप्पा, भेग काढली? नातवाची सोयरीक पाहून रायलो आमी. पोरीवाले काय म्हनतीन?"

आता काकांची भिंत पाडायची आणि आजींची लिंपायची! काकांना हात जोडले. आजींपुढे इलाज नव्हता. तड्यावर वेल चढवला, पानं काढली, छाया दिली. आजींनी वही लांब धरली, जवळ आणली.

"हे तं पिंपय उगवल्यावानी दिसते. राहू दे, भेगच काढ."