'एस लागला की अनेकवचन' हा नियम पोरांना शिकवू नका

परवा अमळनेरला ताईकडे गेलो होतो. भाची आठवीत आहे. तिची इंग्रजीची वही पाहिली तर 'द बॉइज प्लेज', 'माय फादर वर्क', पानभर असंच. चूकही कशी, तर नेमाने केलेली. विचारलं तर म्हणाली, "मामा, नियमच आहे तसा," आणि मोबाइल पुढे केला. 'एकवचन-अनेकवचनाचे चार सोपे नियम' नावाचा मेसेज. आमच्या नात्यातल्या प्रत्येक ग्रुपवर तो फिरून आलाय.

पहिला नियम म्हणतो, एस म्हणजे अनेकवचन, म्हणून कर्ता अनेकवचनी असेल तर क्रियापदालाही एस लावा. हे साफ खोटं आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतंय. 'बुक'चं 'बुक्स' करणारा एस नामाचा. 'प्लेज'मधला एस क्रियापदाचा, आणि साध्या वर्तमानकाळात तो 'ही', 'शी', 'इट' किंवा ('आय' आणि 'यू' सोडून) कुठल्याही एकाच माणसाला, वस्तूला लागतो. अक्षर एक, कामं दोन. पुरावा हवा असेल तर 1611 सालच्या इंग्रजी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र काढा. तिथे 'ही मेकेथ', 'ही लीडेथ' असं आहे. एसच्या जागी 'एथ'! नामाचं अनेकवचन 'एथ' लावून केलेलं कुणी पाहिलंय का? उत्तरेकडच्या इंग्रजी बोलींतला एस पुढे त्या 'एथ'च्या जागी रुळला. नामाच्या एसशी त्याचं फक्त रूप जुळतं.

भाचीला मी बायबल सांगितलं नाही. अहिराणीत विचारलं, "तो खेळस, यात किती जण?" म्हणाली, एक. "त्या खेळतस?" म्हणाली, खूप. मग 'खेळस'च्या शेवटी स आहे म्हणून तुला खेळणारे पुष्कळ वाटले का? नाही ना? तसंच 'ही प्लेज'. अहिराणीच्या स चा इंग्रजीशी काही संबंध नाही, पण तिला पटलं. पानावरची वाक्यं तिने स्वतः दुरुस्त केली.

दुसरा नियम: समोर एकच माणूस असेल तर 'यू इज', 'यू वॉज'. त्याच स्तोत्रात एकासाठी 'दाउ आर्ट', म्हणजे 'तू आहेस', असं वेगळं जुनं रूप आहे. 'यू' मुळात अनेकांसाठीचं सर्वनाम. पुढे आदराने एकालाही म्हणू लागले, क्रियापद मात्र 'आर', 'वेअर' असं अनेकवचनीच राहिलं. आपण "आबा, तुम्ही जेवलात का?" विचारतो तेव्हा आबा एकटेच असतात ना? अठराव्या शतकात शिकलेली माणसंही 'यू वॉज' लिहायची, एवढं खरं आहे. पण 1762 मध्ये रॉबर्ट लाउथ या व्याकरणकाराने ते चुकीचं ठरवलं, आणि आज पेपरात लिहिलं तर गुण जातात.

तिसरा, 'एव्हरीवन' म्हणजे सगळे म्हणून 'आर'. अहो, शब्दातच 'वन' आहे. 'एव्हरीवन इज'. मराठीतही प्रत्येक जण 'येतो', 'येतात' नाही.

चौथ्यात 'न्यूज', 'मॅथेमॅटिक्स' आणि 'पोलीस' या तिघांना 'आर' लावायला सांगितलंय. पोलिसांचं बरोबर आहे, मान्य. बाकी दोन्हींना 'इज'.

मेसेजखाली 'सर्व पालकांना पाठवा' लिहिलंय. ज्यांनी पाठवला, त्यांनी निदान पहिला नियम चुकीचा आहे एवढं त्याच ग्रुपवर आजच लिहावं.