'खांब मोजणाऱ्या' बाईचं उत्तर

'अजिबात न पटलेला' या नावाने ज्यांनी मागच्या लेखावर कमेंट टाकलीय (माझ्या कुत्रीबरोबर, म्हणजे भाकरीबरोबर, टेकडी चढून माझं आठ किलो वजन कसं उतरलं, तो लेख) त्यांना तिथेच दोन ओळीत उत्तर देणार होते, पण ते काही जमेना, म्हणून वेगळं लिहितेय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी, त्यांचं म्हणणं असं की कुत्र्याला घेऊन फिरणं हा व्यायाम नसून "खांब मोजायचा कार्यक्रम" आहे, मे महिन्यात आठ वाजता मुक्या जनावराला टेकडी चढायला लावणं हा छळ आहे, आणि पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मी तिला मोकळी सोडते त्यामुळे मोरही पळतात आणि माणसंही.

मुद्दे बाजूला ठेवू, पण "ताई, लिहायच्या आधी जरा अभ्यास वाढवा" ही काय बोलायची रीत झाली? वर शेवटी स्मायली. स्मायली टाकला की काहीही खपतं असं असतं का? इथे एका काकांनी शहरात कुत्रा पाळणंच कसं चूक आहे यावर हातभर लांब कमेंट लिहिली होती, एक मुद्दा पटला नाही मला, पण माणूस शेवटपर्यंत नीट बोलला. तुमचं नाव तरी धड लावायचं होतंत.

आठ वाजताचं मात्र मान्य. मेमध्ये ती वेळ लिहायला नको होती. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच काय ते अंग गार करायचं, आणि भाकरीची जीभ टोकाला चमच्यासारखी पसरली की मी सावलीत बसते आणि बाटलीतलं पाणी ओंजळीत ओतून तिला देते. डांबरावर पालथा हात सात सेकंद ठेवून बघते, चटका बसला तर त्या रस्त्याने जायचं नाही. हे लेखात नव्हतं, घालते. झालं समाधान?

आता खांब. 2021 मध्ये माझी तीन महिन्यांची सरासरी साखर 6.3 आली होती, डॉक्टर म्हणाले अजून डायबेटिस नाही पण दारात उभा आहे. त्याआधी मी जिमची वर्षाची फी भरून अकरा दिवस गेले होते, अकरा! योगाची मॅट अजून कपाटावर गुंडाळी करून पडलीय. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे गावठी पिल्लू सापडलं, भाकरीच्या रंगाचं, म्हणून भाकरी. तेव्हापासून साडेपाचला तळपायाला गार नाक लागतं. गजर बंद करता येतो, नाकाचं काय करणार? पाऊस असो, पाहुणे असोत, आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालेलं असो, उठावंच लागतं. तुम्ही म्हणता ती दर खांबाला थांबते. थांबते. पण घर ते पायथा हे दहा मिनिटांचं प्रकरण आहे, पुढे चढ लागला की ती हुंगायचं विसरते आणि पट्टा असा ताणते की माझ्या पिंढऱ्या बोलायला लागतात.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि मध्यम म्हणजे साधारण काय तर बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. त्या मुरमाच्या चढावर मी भाकरीला शिव्या घालू शकते, भजन म्हणू शकत नाही. आठवड्यातले सहा दिवस, रोजची पन्नास मिनिटं, खांबाची दहा वजा करा, तरी चाळीस गुणिले सहा. करा हिशोब, अभ्यास वाढलेला आहे ना तुमचा.

परदेशात तर कमरेला पट्टा बांधून, मधे ताणणारी दोरी लावून कुत्र्यामागे पळायचा खेळच आहे, कॅनिक्रॉस म्हणतात, स्लेज ओढणारे कुत्रे बर्फ नसताना तयारीत राहावेत म्हणून सुरू झालेला. मी ओढणीने तसं करून बघितलं होतं एकदा. खडीवर आपटले, गुडघ्यावर खूण आहे अजून. त्यामुळे "घरबसल्या लिहिलेलं दिसतंय" हे वाक्य तर तुम्ही मागेच घ्या.

आणि छळ म्हणाल तर ती अडीच वर्षांची आहे, पिल्लू असताना मी तिला कधी पळवलं नाही, हाडं भरेपर्यंत नुसतं चालणं. पगवाल्या शेजारणीला मीच सांगते की चपट्या नाकाच्या कुत्र्याला धाप लवकर लागते, तू खालच्या बागेतच फिरव. खाऊन उठल्याउठल्या तर आम्ही कधीच निघत नाही.

पट्टा सोडण्याबद्दल आणि मोरांबद्दल आत्ता लिहीत बसत नाही, तो वेगळा विषय आहे. खाणीच्या मागे कोणी नसताना सोडते, तेही पाचेक मिनिटं. एकदाच लांडोरीमागे धावली होती आणि लांडोर उडून झाडावर बसली, पंख असतात त्यांना. त्या वेळी जे आजोबा काठी घेऊन ओरडले ते तुम्हीच असाल तर तसं सरळ सांगा ना.

बाकी आज तुमच्यामुळे मी खरंच खांब मोजले. घर ते पायथा सव्वीस. भाकरी नऊवर थांबली.